खांदा आणि भूल

मराठींत ‘भूल’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. चूक झाली तर भूल, मोह पडला तर भूल, रानांत वाट हरवून माणूस त्याच त्या जागीं फिरूं लागला तर त्यालाहि भूलच पडलेली असते, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर देतात ती सुद्धां भूलच. संस्कृतांत यांतील प्रत्येक अर्थास निराळा शब्द आहे. प्रमाद निराळा, मोह निराळा, संज्ञाहरण निराळें. मराठीनें मात्र हीं सर्व बिऱ्हाडें एकाच चाळींत वसविलीं आहेत. गेल्या वर्षीं श्रावणापासून दिवाळीपर्यंत या चाळींतील बहुतेक भाडेकऱ्यांशीं आमच्या कुटुंबाची गांठ पडली, आणि प्रमाद तेवढा माझ्या वांट्यास आला.

माझी वडील बहीण, आम्हां सर्वांची अक्का, एकाहत्तर वर्षांची आहे. यजमान वारल्यापासून ती आमच्याकडे खोपोलीसच असते. श्रावणी सोमवारीं वीरेश्वराच्या दर्शनास जाण्याचा तिचा नेम आजवर चुकलेला नाहीं. नाना फडणविसांनीं बांधविलेल्या तेथील तळ्याच्या पायऱ्या पावसाळ्यांत शेवाळानें किती निसरड्या होतात हें खोपोलीकरांस सांगावयास नको. बोरघाटाच्या पायथ्याचा आमचा पाऊस एकदां बसला म्हणजे दगडालाहि बुरशी येते. तिसऱ्या सोमवारीं अक्का तेथें घसरली. पडतांना माणूस हात पुढें करतो तसा तिनें उजवा हात पुढें केला. सारा भार तळव्यावरून कोपरास आणि कोपरावरून खांद्यास पोंचला, व दंडाच्या हाडाचें वरचें टोंक, तो मोठ्या लिंबाएवढा गोळा, चार तुकड्यांत फुटला.

क्ष-किरणाचें चित्र पाहून अस्थितज्ज्ञांनीं हात झोळींत अडकवून दिला, आणि या वयांत ठिसूळ झालेले तुकडे खिळ्यांनीं जोडले तरी ते धरतीलच असें नाहीं, तेव्हां सांधाच बदलावा, असें मत दिलें. घरीं आल्यावर शेजारच्या मंडळींची रीघ लागली. कोणी आंबेहळद, कोणी रक्तचंदनाचा लेप, कोणी घाटावरच्या हाडवैद्याचा पत्ता. मीहि मागें राहिलों नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, निखळलेला खांदा बसवितांना काखेंत मुसळ घालून तो वर उचलावा आणि मग स्वस्तिकबंधानें बांधावा, असा उपाय आहे. पुढच्या भेटींत तो मीं डॉक्टरांस ऐकविला. त्यांनीं आदरानें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “मास्तर, निखळलेल्या खांद्याला आम्हीहि काखेशीं असाच कांहीं खटाटोप करतों. पण येथें खांदा निखळलेला नाहीं, फुटला आहे.” मीं संहिता मिटली.

खांद्याचा सांधा बदलणें ही कल्पना पहिल्यानें ऐकतांना अघोरी वाटते, पण ती नवी नाहीं. पॅरिस येथील शस्त्रवैद्य पेआं यानें १८९३ सालीं क्षयानें सडलेल्या एका पावभट्टीवाल्याच्या खांद्यांत प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसविला होता. तो एका दंतवैद्यानें बनवून दिला होता. दोन वर्षांनीं पू झाल्यामुळें तो काढावा लागला. मग सुमारें साठ वर्षें या वाटेला कोणी विशेष गेलें नाहीं. न्यूयॉर्कचे डॉक्टर नीर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत धातूचा गोळा बसविण्यास आरंभ केला, आणि १९८५ मध्यें फ्रान्समधील ग्रामों यांनीं सारा सांधाच उलटा केला. निसर्गानें गोळा दंडाला आणि वाटी खवाट्याला दिली आहे. यांनीं गोळा खवाट्याला आणि वाटी दंडाला बसविली. खांद्याभोंवतींचे लहान स्नायु फाटले किंवा निकामी झाले असले तरी वरचा एकटा मोठा स्नायु या उलट्या सांध्यावर हात उचलूं शकतो. म्हाताऱ्या माणसांच्या फुटलेल्या खांद्यांत हल्लीं हाच पुष्कळदां बसवितात. अक्काला बसवावयाचा तोहि हाच होता.

अक्काला सांध्याची भीति नव्हती. भीति होती ती भुलेची. तिचा दमा जुना आहे. लहानपणीं ओल्या लांकडांच्या चुलीपुढें बसून आणि पुढें सासरीं वीस-पंचवीस वर्षें तेंच करून तिनें छातींत जो धूर सांठविला, तो आतां पावसाळ्यांत व्याजासह परत मिळतो. “मला झोपवतील आणि मी उठणारच नाहीं,” हें तिनें एकदांच म्हटलें, पण तें म्हणतांना ती माझ्याकडे न पाहतां देव्हाऱ्याकडे पाहत होती.

रोगी शुद्धींत असतांना शरीर कापणें हें कोणाहि वैद्याला रुचणारें नव्हतें, व त्यावर उपाय शोधण्याची धडपड फार प्राचीन आहे. सुश्रुतानें कित्येक शस्त्रकर्मांपूर्वीं रोग्याला जेवूं घालण्यास आणि पिणारा असेल त्याला कडक मद्य देण्यास सांगितलें आहे. आज नेमकें याच्या उलट सांगतात. पोट रिकामें ठेवावें, नाहींतर भुलेंत अन्न वर येऊन फुप्फुसांत जावयाचें. आपल्या गोमंतकांतील कांदोळी गांवीं १७५६ मध्यें जन्मलेले आबे फारिया यांनीं पॅरिसमध्यें माणसांना केवळ शब्दानें झोपविण्याचे प्रयोग केले, व ही झोप झोपविणाराच्या शक्तीनें नव्हे तर झोपणाराच्या मनानें येते असें सांगितलें. १८१९ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षीं ते वारले. पणजीस त्यांचा पुतळा आहे. खालीं निजलेल्या स्त्रीवर हात पसरून ते उभे आहेत, आणि नवखा प्रवासी तें पाहून जरा दचकतो. पुढें १८४५ पासून हुगळी येथें जेम्स एस्डेल नांवाच्या डॉक्टरानें अशाच मोहनिद्रेंत शेंकडों शस्त्रक्रिया केल्या. पण १८४६ च्या ऑक्टोबरांत बॉस्टन येथें ईथरचा प्रयोग यशस्वी झाला, वर्षभरांत क्लोरोफॉर्म आलें, आणि मोहनिद्रा मागें पडली.

या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे; दुखतें एका जागीं आणि झोपवितात सबंध माणसाला. केवळ दुखऱ्या जागेचीच संवेदना घालविणें याला खरा आरंभ झाला तो १८८४ मध्यें. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो हें सिद्ध केलें. तें हायडेलबर्गच्या परिषदेंत वाचण्यास जावें तर त्याच्याजवळ प्रवासखर्चाला पैसे नव्हते. दुसऱ्यानेंच त्याचा निबंध वाचला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें हॅल्स्टेड यानें तें औषध थेट मज्जातंतूंपाशीं टोंचून हातपाय बधिर करून दाखविले, आणि स्वतःवर प्रयोग करतां करतां तो त्याच कोकेनच्या आहारीं गेला. १८९८ सालीं जर्मनींत बीअर व त्याचा सहाय्यक यांनीं पाठीच्या कण्यांत सुई घालण्याचा प्रयोग एकमेकांवर केला. सहाय्यकाच्या नडगीवर हातोडा मारून पाहिला, कातडीला सिगार लावून पाहिली. दुखलें नाहीं म्हणून दोघांनीं आनंदानें मेजवानी केली आणि नंतर दोघेहि डोकेदुखीनें अंथरुणास खिळले. १९११ मध्यें कुलेनकाम्फ यानें हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत गळ्याच्या हाडावरून सुई घातली, तीहि प्रथम स्वतःच्याच अंगांत. विज्ञानाच्या इतिहासांत अशीं माणसें वाचलीं म्हणजे शाळेंत एखाद्या मुलानें बोट कापल्यावर “रडूं नको” म्हणून सांगणें किती स्वस्त होतें हें लक्षांत येतें.

कोकेनच्या जागीं पुढें कमी घातक औषधें आलीं. दांत काढतांना देतात तें लिग्नोकेन १९४३ मध्यें स्वीडनांत तयार झालें, आणि पुष्कळ तास टिकणारें बुपिव्हाकेन १९५७ मध्यें. मज्जातंतूंतून संवेदना पुढें सरकते ती सोडियमचे सूक्ष्म कण त्याच्या आंत शिरण्यामुळें. हीं औषधें त्या कणांचीं दारें लावून घेतात. संवेदना तेथेंच अडते. औषध ओसरलें कीं दारें उघडतात.

हें अक्काला समजावून सांगण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि खोपोलीच्या मास्तराला दृष्टान्त दूर शोधावा लागत नाहीं. १९१५ सालापासून आमच्या टाटांच्या वीजघरांतून मुंबईस वीज जाते. घाटावरच्या तलावांचें पाणी मोठ्या नळांतून खालीं कोसळतें, चाकें फिरतात, तारांवरून वीज शहराला पोंचते. मीं म्हटलें, “अक्का, पूर्ण भूल म्हणजे सारी मुंबई झोपविणें. ही दुसरी भूल म्हणजे मुंबई जागी, वीजघरहि चालू, फक्त मधली तार तेवढी बंद. खांदा ओरडेल, पण तें तुझ्या डोक्यापर्यंत यावयाचें नाहीं.” ती म्हणाली, “आणि पावसांत आपल्याकडे दिवे जातात तसें कांहीं झालें तर?” याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मुंबईला प्रकाश देणाऱ्या गांवांत पावसाळ्यांत मेणबत्त्या कां लावाव्या लागतात, हें कोडें मला नोकरी संपेपर्यंत उलगडलें नाहीं. पण वीज जाण्याची भीति अगदींच खुळी नव्हे. १२ जानेवारी १९२४ रोजीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करीत असतांना दिवे गेले, आणि ती कंदिलाच्या उजेडांत पुरी करावी लागली होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं पनवेलच्या पुढील एका रुग्णालयांत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांनीं खुर्ची ओढून अक्काच्या उशाशीं बसून प्रथम छाती पुढून-मागून ऐकली, जिना चढतांना किती पायऱ्यांवर थांबावें लागतें तें विचारलें, फुंकर मारून श्वास मोजण्याचें यंत्र आणून तिच्याकडून तीनदां फुंकवून घेतलें, आणि मग जें सांगितलें तें मी येथें शक्य तितकें जसेंच्या तसें देतों. कारण अशा प्रसंगांत सांपडणाऱ्या प्रत्येक घराला तें कळलेलें असावें.

खांद्याला जाणारे मज्जातंतु मानेंतून निघतात. मानेच्या बाजूस दोन स्नायूंच्या मधली जी फट आहे तींत ते एकावर एक असे उभे असतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते काळसर गोलांच्या ओळीसारखे दिसतात. त्या फटींत औषध सोडण्याची रीत विनी या अमेरिकन डॉक्टरानें १९७० मध्यें सुलभ केली, आणि खांद्याच्या दुखण्यावर आजवर तिच्याइतकी भरंवशाची रीत नाहीं. पूर्वीं सुई हातांच्या अंदाजानें घालीत. आतां सुईचें टोंक व औषध दोन्ही पडद्यावर दिसतात. पण त्याच फटीलगत, पुढच्या स्नायूच्या अंगावरूनच, आणखी एक मज्जातंतु खालीं छातींत उतरतो. छाती आणि पोट यांमधला जो पडदा खालींवर होऊन श्वास चालवितो, त्याचा अर्धा भाग या एकट्याच्या हुकमांत आहे. मानेंत नेहमींच्या प्रमाणांत औषध सोडलें कीं तें जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतींत या मज्जातंतूसहि भिजवितें, आणि त्या बाजूचा अर्धा पडदा कांहीं तास निजतो. कोणाचा आवाज घोगरा होतो, कोणाची पापणी ओघळते. तें सारें औषधाबरोबर जातें. धडधाकट माणसाला अर्धा पडदा निजल्याचें कळतहि नाहीं. “पण आजी,” बाई म्हणाल्या, “तुमचे श्वास मोजकेच आहेत. त्यांतला चौथा हिस्सा जरी मीं काढून घेतला तरी तुम्हांला जड जाईल.”

म्हणून त्यांनीं दुसरा मार्ग सुचविला. मानेंत न जातां खाली, खवाट्याकडे जाणारा एक मज्जातंतु आणि दंडाला वळसा घालून जाणारा दुसरा, असे दोनच निरनिराळ्या सुयांनीं बधिर करावयाचे. खांद्याच्या सांध्याची बहुतेक संवेदना यांतील पहिल्याकडूनच जाते. श्वासाचा पडदा बहुधा शाबूत राहतो. मात्र बधिरपणा मानेंतल्या इतका पुरा होत नाहीं. कांहीं दुखणें उरतें, आणि तें गोळ्यांनीं झांकावें लागतें. शस्त्रक्रियेपुरती हलकी पूर्ण भूलहि द्यावी लागेल, पण खांदा आधींच गप्प असल्यामुळें ती थोडक्यांत भागेल आणि अक्का लौकर जागी होईल.

मला हा सौदा पटेना. थोडें दुखूं देण्यासाठीं दोन सुया कशाला? मानेंतली एकच सुई, औषध कमी करून, देतां येणार नाहीं काय? बाई म्हणाल्या, तसेंहि करतात. औषध कमी केलें, किंवा किंचित् खालच्या जागीं सोडलें, तर पडदा निजण्याचा संभव उतरतो, पण जात नाहीं. मीं आणखी कांहीं विचारणार तों अक्काच बोलली. “अरे, श्वास माझा आहे. तो राहूं दे. दुखण्याचें मी पाहीन.” झोपेची धास्ती घेतलेल्या माझ्या बहिणीनें दोन वाक्यांत तो निर्णय केला, आणि सहीच्या कागदावर डाव्या हातानें वेडीवांकडी सही केली.

जातांना बाईंनीं कापसाचा बोळा घेऊन अक्काच्या खांद्याच्या बाहेरच्या अंगावरून फिरविला व कोठें लागतें कोठें नाहीं तें टिपून घेतलें. बोटें हलवून पाहिलीं. हाड फुटतांना कधीं कधीं मज्जातंतु दुखावलेला असतो. तो आधींपासून दुखावला होता कीं सुईनें किंवा शस्त्रक्रियेनें दुखावला, हा वाद मागाहून नको म्हणून हें आधीं पाहावयाचें. शिक्षकाच्या डोळ्यांना ही वही ठेवण्याची रीत फार आवडली. आणखी एक गोष्ट मीं विचारून घेतली. औषध चुकून रक्तवाहिनींत गेलें तर? तर कानांत गुणगुणणें, तोंडांत धातूची चव, ओठांना बधिरपणा अशीं लक्षणें होतात, क्वचित् झटके येतात व हृदयावरहि ताण पडतो. त्यावर चरबीचें पांढरें दुधासारखें द्रावण शिरेंतून देतात, आणि तें भुलेच्या खोलींत हाताशीं ठेवलेलें असतें. तें ठेवलें आहे ना, हा प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं, असें बाईच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं अकराच्या सुमारास सुया दिल्या आणि दुपारीं अडीच वाजतां अक्का बाहेर आली. चार वाजतां ती चांगली शुद्धीवर होती, चहा मागत होती, आणि खांद्यांत नवा लोखंडी पाहुणा येऊन बसला आहे याची तिला दादहि नव्हती. बधिर झालेला खांदा चाचपून ती म्हणाली, “अरे, हें कोणाचें उशाशीं ठेवलें आहे?” मग स्वतःच हंसूं लागली. अशा अंगाजवळ गरम कप ठेवूं नये, त्यावर कुशीला वळूं नये, तें झोळींतच असावें, हें परिचारिकेनें दोनदां बजावलें. कारण भाजलें तरी कळत नाहीं. पडल्या दिवसापासून अक्काला धड झोप नव्हती. त्या संध्याकाळीं आठ वाजतां ती जी झोपली ती लहान मुलासारखी.

आतां माझी भूल सांगतों. डॉक्टरीणबाईंनीं एका कागदावर वेळा लिहून दिल्या होत्या. पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनीं, आणि रात्रीं दहा वाजतां तिच्या जोडीला एक अधिक तीव्र गोळी. पुढें ठळक अक्षरांत लिहिलें होतें, ‘दुखत नसलें तरी. झोपल्या असल्यास उठवून.’ दहा वाजतां परिचारिका गोळ्या घेऊन आली. मी खुर्चींतून उठलों, ओठांवर बोट ठेवलें आणि म्हणालों, “इतक्या दिवसांनीं डोळा लागला आहे. झोपूं द्या. दुखूं लागलें तर मी हांक मारीन.” ती घुटमळली, माझे पांढरे केंस पाहून तिनें गोळ्या वाटींत ठेवल्या. मी मोठ्या समाधानानें पुन्हां खुर्चींत बसलों. आपण बहिणीची झोप राखली, असें मला वाटत होतें.

पावणेतीनला अक्का जागी झाली. हांक मारण्यासाठीं शब्द सुद्धां तिच्या तोंडांतून फुटेना. औषध ओसरतें तें हळूहळू ओसरतें असा माझा समज होता; प्रत्यक्षांत घाटांतला बांध फुटावा तसें झालें. ताजी जखम, कापलेले स्नायु, हाडांत ठोकलेला धातु, या सर्वांनीं सोळा तास अडवून धरलेला निरोप एकदम पोंचता केला. यजमान गेले तेव्हां चार माणसांत डोळ्यांतून टिपूस न काढणारी माझी बहीण “आई ग, आई ग” म्हणून रडत होती, आणि दम्यामुळें तिला रडण्यापुरताहि श्वास पुरत नव्हता. वाटींतल्या गोळ्या दिल्या, पण तोंडानें घेतलेली गोळी अंगीं लागावयास पाऊण तास, तास लागतो. शिरेंतून औषध दिलें. तेंहि दम्याच्या रोग्याला अफूच्या जातीचें औषध फार देतां येत नाहीं, म्हणून मोजून मापून. पांच वाजले तेव्हां ती थोडी निवळली. ते दोन तास मी तिचा डावा हात धरून बसलों होतों आणि दोनदां माझ्या तोंडांतून संवयीनें निघून गेलें, “सोस, अक्का, थोडें सोस.”

आमच्या घराण्यांत सोसण्याला फार मान आहे. गीतेंतील तितिक्षेवर मीं वर्गांत कितीदां बोललों असेन. पण तितिक्षा ही आपल्या अंगावरच्या दुःखाची असते. दुसऱ्याच्या खांद्यावर ती ठेवणें याला शास्त्रांत कांहीं नांव नाहीं, व्यवहारांत आहे. आमच्या आयाबहिणींनीं बाळंतपणापासून मोडलेल्या हाडापर्यंत सगळें ‘सोसलें’ म्हणून आम्हीं त्यांची स्तुति केली, आणि स्तुति करणें औषध आणण्यापेक्षां स्वस्त पडतें. देशाच्या कारभारांतहि हेंच दिसतें. मध्य हिंदुस्थानांत सरकारी परवान्यानें अफू पिकते, आणि १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा झाल्यावर परवान्यांच्या जंजाळामुळें कित्येक वर्षें आपल्याच कर्करोग्यांना मॉर्फिन मिळणें दुष्कर झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें वाट थोडी मोकळी झाली.

सकाळीं डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीं कागद पाहिला, दहाच्या वेळेपुढें खूण नाहीं हें पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि रागावल्या नाहींत. तें मला अधिक लागलें. त्या म्हणाल्या, हें उलटून येणारें दुखणें नेहमींचें आहे. बधिरता जाण्यापूर्वींच गोळ्यांचा थर अंगांत तयार असला तर तिची कड बोथट होते. म्हणून झोपेंतून उठवावयाचें. ज्यांची छाती बरी असते त्यांना मज्जातंतूपाशीं बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध ठिबकत ठेवण्याचीहि सोय असते, पण तिची निगा राखावी लागते व ती सरकते सुद्धां. औषधाच्या जोडीला डेक्सामेथासोन दिल्यास बधिरता कांहीं तास लांबते, तें त्यांनीं दिलेलेंच होतें. त्यामुळेंच पावणेतीन वाजले, नाहींतर मध्यरात्रींच ही वेळ आली असती. दुखणें झांकावयाचें तें केवळ दयेनें नव्हे, असेंहि त्या म्हणाल्या. दुखऱ्या माणसाचा श्वास उथळ होतो, खोकून कफ पडत नाहीं, आणि अशा छातींत फुप्फुसदाह शिरावयास वेळ लागत नाहीं. वृद्धांना झोपेवांचून व वेदनेनें भ्रमहि होतो. अक्काला त्या रात्रीं यांपैकीं कांहीं झालें नाहीं हें तिचें नशीब, माझी हुशारी नव्हे.

पुढच्या रात्रीं दहा वाजतां मीं तिला उठविलें. ती वैतागून म्हणाली, “झोपूं दे रे मेल्या.” मीं गोळ्या घशाखालीं उतरेपर्यंत सोडलें नाहीं. दोन वाजतां पुन्हां दुखूं लागलें, पण सोसवेल एवढें. म्हणजे तिनें ठरविलेल्या मापानें सोसवेल एवढें. चौथ्या दिवशीं आम्ही घरीं आलों.

हें लिहीपर्यंत वर्ष होत आलें. सहा आठवडे झोळी, मग व्यायाम शिकविणाऱ्या बाईंकडे आठवड्यांतून तीनदां, आणि घरीं भिंतीवर बोटांनीं चढण्याचा खेळ. रोज पेन्सिलीनें खूण करून ठेवीत असूं. भिंत अजून तशीच आहे, दिवाळींत रंग काढला तेव्हां तेवढी पट्टी अक्कानें सोडावयास लाविली. आतां ती स्वतःची वेणी घालते आणि फळीवरची लोणच्याची बरणी डाव्या हाताच्या आधारानें उतरवते. पाठीमागें मात्र हात जात नाहीं; उलट्या सांध्याची ही उणीव पुष्कळांस राहते असें सांगतात, आणि पदर मागून पुढें घेण्यास तिला अजून सुनेला हांक मारावी लागते. शेजारीं एका आजींच्या खांद्याची शस्त्रक्रिया या महिन्यांत व्हावयाची आहे. परवां त्यांचे चिरंजीव विचारपूस करावयास आले होते. मीं सुश्रुत काढण्याच्या आंत अक्कानें त्यांना आंत बोलावून, डॉक्टरीणबाईंचा तो वेळांचा कागद पंचांगांतून काढून दाखविला. दहाच्या रकान्यापुढें खूण नव्हती, तेथें तिनें मागाहून स्वतःच्या हातानें, उजव्या हातानें, माझें नांव लिहून ठेवलेलें आहे.